आधी हिशेब, मग प्रवेश

बारावीचा निकाल लागला की सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील शेकडो पालकांची वणवण सुरू होते. एमबीबीएसला गुण पुरत नाहीत, खासगी महाविद्यालयाची फी झेपत नाही, आणि मुलाने वा मुलीने ‘मेडिकल लाइन’ धरावी ही घरातील इच्छा तर सुटत नाही. अशा घरी जी गुळगुळीत माहितीपत्रके येऊन पडतात, त्यांत अलीकडे नवनव्या पदव्यांची नावे दिसतात. त्यांपैकीच एक म्हणजे फिजिशियन असिस्टंट, अर्थात वैद्यकसहायक. पदवी चांगली आहे, तिची गरजही आहे. परंतु माहितीपत्रकातील ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाने जे पालक निर्धास्त होतात, त्यांना आज सावध करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

वैद्यकसहायक हा स्वतंत्र डॉक्टर नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाची हकीकत टिपणे, त्याला तपासणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हाताशी उभे राहणे, अतिदक्षता विभागात लक्ष ठेवणे ही त्याची कामे. आपल्या देशात हे शिक्षण १९९२ साली मद्रासला, डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाले. हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात कुशल साहाय्यक हवेत, या रोकड्या गरजेतून ते जन्मले.

आता ‘मान्यता’ कशाची, ते पाहू. विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे, ही एक मान्यता. नॅकने संस्थेला दिलेली श्रेणी ही दुसरी. पण ती श्रेणी साऱ्या संस्थेची असते, त्यातील एका अभ्यासक्रमाची नव्हे. ग्रंथालय उत्तम आणि वसतिगृह प्रशस्त म्हणून वैद्यकसहायकाला नाडी पाहता येते असे होत नाही. तिसरी मान्यता खरी महत्त्वाची. हा अभ्यासक्रम या व्यवसायाला पुरेसा आहे काय, शिकविणारे कोण, रुग्णांच्या खाटांजवळ विद्यार्थी किती तास उभा राहतो, हे ती तपासते. पहिल्या दोन मान्यता दाखवून तिसरीविषयी मौन पाळणे यास आम्ही फसवणूक म्हणत नाही; परंतु प्रामाणिकपणाही म्हणवत नाही.

या भागाला सहायक वैद्यकांचा प्रश्न नवा नाही. पुण्याचे बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल १८७८ सालचे. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन इस्पितळ १८९४ साली उघडले आणि तेथेही रुग्णसेवेच्या जोडीने वैद्यकीय साहाय्यकांचे शिक्षण सुरू झाले. पुढे मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. ही परीक्षा आली. जुन्या पिढीतील वाचकांना गावातील ‘एल.सी.पी.एस. डॉक्टर’ आठवत असतील. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा देशातील नोंदणीकृत डॉक्टरांपैकी सुमारे दोन तृतीयांश या परवानाधारक वर्गातील होते. समितीच्या बहुमताने हे शिक्षण बंद करून एकच, पूर्ण पदवी ठेवावी असे ठरविले. सहा सदस्यांनी विरोधी मत नोंदविले. त्याच वर्षी पुण्याच्या त्या स्कूलचे कॉलेज झाले.

बहुमताचा हेतू शुद्ध होता. शिक्षणाची पातळी उंचावली, हेही निर्विवाद. परंतु त्या वेळी इमारती, उपकरणे आणि अभ्यासक्रमाची वर्षे यांचा जितका ऊहापोह झाला, तितका शिकून बाहेर पडलेली माणसे कोठे राहिली आणि कोणाच्या उपयोगी पडली या प्रश्नाचा झाला नाही. माण-खटावच्या माळावर, पाटण-जावळीच्या डोंगरात, जत-आटपाडीच्या दुष्काळी टापूत डॉक्टरची वाट पाहणाऱ्यांना त्या विस्मरणाची किंमत आजही मोजावी लागत आहे. मिरजेला १९६२ साली वैद्यकीय महाविद्यालय आले, पुढे कऱ्हाड, सांगली आणि अलीकडे साताराही आला; मोठी इस्पितळे शहरांत एकवटली.

अमेरिकेतील प्रारंभाची कथा येथे सांगण्यासारखी आहे. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात शुश्रूषेचे काम केलेल्या चौघांना घेऊन पहिला वर्ग काढला. १९६७ साली त्यांपैकी तिघे उत्तीर्ण झाले. चार आले, तीन गेले: साठ वर्षांनंतरही हा हिशेब कोणासही सांगता येतो. आज तेथील अधिस्वीकृती मंडळाने प्रत्येक संस्थेवर बंधन घातले आहे की, राष्ट्रीय परीक्षेत आपले किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि किती जण मध्येच गळाले, हे तिने जाहीर केलेच पाहिजे. प्रवेश घेणारा ते आकडे आधी वाचतो, मग अर्ज भरतो.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा २०२१ साली संमत झाला. त्याच्या परिशिष्टात या व्यवसायाचे नाव आहे, राज्य परिषदांची योजना आहे, परवाना-परीक्षेची तरतूदही आहे. मात्र अंमलबजावणी इतकी रेंगाळली की २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांचे कान टोचावे लागले. गंमत अशी की, आपल्या कायद्याने ‘असोसिएट’ हे नाव पुढे ठेवले, तर इंग्लंडमध्ये जुलै २०२५ च्या लेंग अहवालाने नेमके तेच नाव टाकून ‘असिस्टंट’ म्हणावे असे सुचविले. कारण आपल्याला तपासणारा डॉक्टर आहे की नाही, हेच रुग्णांना कळेना. आपल्याकडे तर पांढरा डगला घातलेल्या प्रत्येकास लोक ‘डॉक्टर’ म्हणतात. अर्धवट शिकलेल्या, बेकार राहिलेल्या एखाद्या पदवीधराने उद्या आडगावी पाटी लावली, तर तिचा पहिला बळी तेथील रुग्ण ठरेल, आणि दुसरा ज्याला नोकरीच मिळाली नाही तो तरुण.

म्हणून आमची मागणी सोपी आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत हे शिक्षण देणाऱ्या वा देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने गेल्या पाच वर्षांतील प्रत्येक तुकडीचे चार आकडे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापावेत: किती दाखल झाले, किती मध्येच सोडून गेले, किती ठरलेल्या वेळेत उत्तीर्ण झाले, आणि वर्षभरात किती जणांना याच कामाची नोकरी मिळाली. संस्था नवी असेल, तर तिने ‘अद्याप एकही तुकडी बाहेर पडलेली नाही’ असे स्वच्छ लिहावे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. राज्य शासनाने ही अट प्रवेशाच्या परवानगीतच घालावी. तोवर पालकांनी हे आकडे पहिला हप्ता भरण्यापूर्वी लेखी मागावेत, आणि नकार मिळाला तर तोही लेखीच घ्यावा.