पाण्याखालचे सोबती

आईबाप आणि मुलें एकाच वर्गांत, एकाच बांकावर शिकावयास बसलीं आहेत, असा प्रसंग सहसा येत नाहीं. वडील सांगतात आणि मुलगा ऐकतो, आई दाखविते आणि मुलगी शिकते, हीच आपली नित्याची रीत. परंतु एक विद्या अशी आहे कीं, तिच्या पहिल्या दिवशीं चाळीस वर्षांचा बाप आणि त्याची दहा वर्षांची मुलगी हीं दोघें सारखींच अजाण असतात. ती विद्या म्हणजे हवेची टाकी पाठीस बांधून समुद्राच्या पोटांत उतरण्याची; हिलाच हल्लीं सर्वत्र ‘स्कूबा डायव्हिंग’ म्हणतात. सुटींत मालवण-तारकर्लीकडे जाणाऱ्या कुटुंबांना हें नांव आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. तेव्हां ही विद्या मुलांबरोबर शिकावयाची झाल्यास कोणत्या गोष्टींचें भान ठेवावें, याचा येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीचे पाणबुडे एक तर श्वास कोंडून बुडी मारीत, किंवा नावेवरून नळीनें हवा पुरविलेला जड पोषाख चढवून तळाशीं चालत. १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कूस्तो हा नौदलांतील अधिकारी व एमील गान्यां हा इंजिनियर या दोघांनीं दाबून भरलेल्या हवेच्या टाकीस एक झडप जोडली. पाणबुड्यानें श्वास घेतला म्हणजे तेवढ्यापुरती ती उघडे, आणि भोंवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा त्याच्या तोंडांत येई. अशा रीतीनें मनुष्य नळीच्या बंधनांतून मोकळा झाला. कूस्तोनें ही विद्या आपल्या घरांतही आणली. १९३८ सालीं जन्मलेला त्याचा मुलगा झां-मिशेल वयाच्या सातव्या वर्षीं टाकी बांधून पाण्यांत उतरला. १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या पुस्तकांत कूस्तोनें आपल्या मुलांच्या आरंभींच्या बुडीची हकीकत दिली आहे. समुद्रांतील नवल पाहून मुलांना गप्प राहवेना. बोलावयास जावें तों तोंडांतील नळी सुटे, आणि बापानें ती पुन्हां तोंडांत बसवावी, असें चाललें होतें.

त्या मुलांचा बाप या विद्येचा जनकच होता. आपल्यापैकीं बहुतेक आईबाप मुलांइतकेच नवखे असतात, म्हणून आज वयाचे व खोलीचे नियम ठरविण्यांत आले आहेत. १९६६ सालीं स्थापन झालेल्या ‘पॅडी’ या संस्थेच्या नियमांप्रमाणें आठ वर्षें पुरीं झालेल्या मुलास तलावांत, फार तर २ मीटर पाण्यांत, या साधनांची ओळख करून देतां येते. खरें शिक्षण दहा वर्षें पुरीं झाल्यावर. दहा-अकरा वर्षांच्या मुलानें १२ मीटरपेक्षां खोल जाऊं नये, आणि त्याच्या सोबत प्रमाणपत्र मिळविलेले आई, वडील वा पालक, नाहीं तर संस्थेचा व्यावसायिक पाणबुड्या असावा. बारा ते चौदा वर्षांच्या मुलासही प्रमाणपत्र असलेल्या प्रौढाची सोबत लागते. म्हणजे मुलासवें समुद्रांत उतरावयाचें तर आईबापांनींही परीक्षा दिली पाहिजे. २०० मीटर पोहून व १० मिनिटें तरंगून दाखविलें पाहिजे. आणि तलावांतील पाठ पुरे करून खुल्या पाण्यांत चार बुड्या मारल्या पाहिजेत. मार्गदर्शकानें हातास धरून पर्यटकास घटकाभर मासे दाखवून आणणें हा अनुभव होय, शिक्षण नव्हे. तो अवश्य घ्यावा, परंतु तेवढ्यानें आपणांस ही विद्या आली असें समजूं नये.

आतां विद्यार्थिमित्रांसाठीं थोडें पदार्थविज्ञान. पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो. समुद्रांत दर १० मीटर खोलीस तो सुमारें एकेका वातावरणानें वाढतो. दाब दुप्पट झाला म्हणजे हवेचें आकारमान निम्में होतें, हा रॉबर्ट बॉइल याचा नियम तुम्हीं वर्गांत घोकला असेल. समुद्रांत तो घोकून भागत नाहीं, पाळावा लागतो. १० मीटर खोलीवर एका फुग्यांत ३ लिटर हवा भरून त्याचें तोंड बांधलें, तर पृष्ठभागीं येईपर्यंत तिची ६ लिटर होते, आणि फुगा लहान असला तर वाटेंतच फुटतो. मनुष्याचें फुप्फुस हा असाच फुगा आहे. त्याचें तोंड उघडें ठेवणें एवढेंच आपल्या हातीं. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा कीं, श्वास कधींही कोंडूं नये. तो सावकाश व अखंड चालू ठेवावा. यांत मेख अशी आहे कीं, पोहावयास शिकलेल्या मुलाला पाण्यांत श्वास कोंडण्याचीच संवय असते, आणि भीति वाटली कीं तें नेमकें तेंच करतें. भरल्या छातीनें श्वास कोंडून दीड मीटर वर येण्यानेंही फुप्फुसास इजा होऊं शकते. म्हणजे हा धोका खोल समुद्रांतच आहे असें नाहीं. तो पोहण्याच्या तलावांतही आहे.

दुसरी गोष्ट कानांची. खालीं उतरतांना पाणी कानाच्या पडद्यास आंत दाबूं लागतें. नाक चिमटींत धरून हलकेच फुंकलें कीं घशांतून हवा कानांत जाते व दाब सारखा होतो. ही क्रिया दुखूं लागण्यापूर्वींच, पुन्हां पुन्हां करावी लागते. मुलांच्या घशांतून कानाकडे जाणारी नळी अरुंद असल्यामुळें त्यांस ती अधिक जड जाते. त्यांत सर्दी असली तर कित्येकदां साधतच नाहीं. अशा वेळीं बळ करूं नये. थोडें वर येऊन पुन्हां प्रयत्न करावा, आणि न साधल्यास त्या दिवशींची बुडी सोडून द्यावी. शिवाय पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षां वीसपटींहून अधिक वेगानें ओढून घेतें, आणि लहान शरीर लौकर गारठतें. बापास पाणी सुखाचें वाटत असलें म्हणून मुलासही तें तसेंच वाटत असेल, असें धरून चालूं नये.

या विद्येंत कोणी एकटा उतरत नाहीं. प्रत्येकास एक सोबती असतो. पाण्यांत शिरण्यापूर्वीं दोघांनीं एकमेकांचीं साधनें तपासावयाचीं असतात: जाकिटांत हवा भरते कीं नाहीं, वजनाचा पट्टा नीट आहे कीं नाहीं, बंद चटकन सुटतात कीं नाहीं, टाकी उघडली आहे कीं नाहीं. बाप मुलीचीं तपासतो, तशीच मुलगी बापाचीं तपासते. हा उपचार नव्हे. दहा वर्षांच्या मुलीनें ‘बाबा, तुमची टाकी बंदच आहे,’ असें सांगितलें, तर बापानें न रागावतां तिचे आभारच मानावयाचे असतात.

पाण्याखालीं तोंडीं उपदेश चालत नाहीं, त्यामुळें हाताच्या खुणा शिकाव्या लागतात. अंगठा व तर्जनी यांचें वर्तुळ केलें म्हणजे ‘सर्व ठीक’. पालथा पंजा डावीउजवीकडे हलविला म्हणजे ‘कांहींतरी बिघडलें आहे’. अंगठा वर केला म्हणजे ‘वर चला’. जमिनीवर ती शाबासकी असते, पाण्यांत ती आज्ञा होते. ती आज्ञा कोणीही, केव्हांही, कोणत्याही कारणासाठीं द्यावी, आणि सोबत्यानें कारण न विचारतां ती पाळावी, असा दंडक आहे. वय, मान, खर्च झालेले पैसे यांपैकीं कशाचाही विचार तेथें करावयाचा नसतो. अर्थात् तेथेंही धांवत वर येणें नाहीं; सावकाश, श्वास चालू ठेवून, एकमेकांकडे पाहत यावयाचें.

येथें सुज्ञ पालकांस आमची आग्रहाची सूचना आहे. प्रमाणपत्र मिळालें म्हणून नवशिक्या बापानें नवशिक्या मुलास घेऊन एकट्यानें उतरूं नये. सोबती याचा अर्थ संकटांत उपयोगी पडणारा. सत्तर किलोच्या बापास शुद्ध राहिली नाहीं, तर तीस किलोच्या मुलानें त्यास ओढून वर आणावें, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आणि मूल घाबरलेलें पाहून नवख्या आईबापांचें चित्त ठिकाणावर राहील, याचीही शाश्वती नाहीं. नियमांत बसो वा न बसो, अनुभवी पाणबुड्या तिसरा म्हणून बरोबर घ्यावा. तसेंच शिक्षणापूर्वीं प्रकृतीविषयीं जी प्रश्नावली भरावी लागते तींत मुलाचा दमा, कानाचें दुखणें, फेफरें यांपैकीं कांहींही लपवूं नये, आणि शंका असेल तेथें डॉक्टरांचा लेखी अभिप्राय घ्यावा. तेथील एका खोट्या ‘नाहीं’ची किंमत मुलास मोजावी लागते.

आणि मूल मुळींच राजी नसेल तर? मग तो विषय तेथेंच संपला. स्वतःची हौस पुरविण्याकरितां, अथवा भीति मोडून काढण्याकरितां, कोणत्याही मुलास पाण्याखालीं लोटूं नये. ज्याला ‘नको’ म्हणावयाची मोकळीक किनाऱ्यावर मिळाली नाहीं, तें मूल १० मीटर खालीं अंगठा वर करावयास कचरेल, आणि तेथें कचरणें प्राणावर बेततें. उलट ज्या घरांत मुलाचा शब्द किनाऱ्यावर ऐकला जातो, त्या घरचें मूल पाण्यांतही वेळेवर खूण करील. तशी खूण मुलानें केली, आणि बापानें पुढचे रंगीत मासे तसेच सोडून त्याच्याबरोबर वर येण्यास आरंभ केला, तर त्या दिवशींचा धडा दोघांसही आला, असें आम्ही समजूं.