कोरे राहिलेले कार्ड

मी डॉक्टर नव्हे. लिहावाचायला शिकलो, तो मुकादमाची वही कळावी म्हणून. तरीही आज बाळांच्या आरोग्याविषयी चार शब्द सांगणार आहे. कारण एका शिकाऊ डॉक्टरबाईंनी मला माझ्याच माणसांकडे नव्याने पाहावयास लावले.

आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरकीची शेवटची परीक्षा झाली, तरी एक वर्ष आंतरवासिता करावी लागते. त्यातले काही आठवडे गावच्या आरोग्यसेवेत जातात. रुग्णालयात आजारी मूल डॉक्टरकडे येते. येथे निरोगी मुलापर्यंत डॉक्टरने जावयाचे असते. फरक एवढाच, पण मोठा आहे.

या बाई मे महिन्यात एका केंद्रात बसल्या होत्या. समोर सात महिन्यांचे मूल. कार्डावर जन्मावेळच्या लसींची नोंद. पुढे सारे कोरे. त्यांनी विचारले, "इतके दिवस कुठं होतात?" आई म्हणाली, "फडात."

आता हिशोब पाहा. पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांसह पाच रोगांपासून राखते. ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत द्यावयाची. सप्टेंबरअखेर जन्मलेल्या बाळाचे हे दिवस नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीत येतात. हेच गाळपाचे ऐन महिने! लस देशात कोणत्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते, हे खरे. परंतु नवराबायको मिळून एक कोयता. बाई दिवसभर केंद्रावर गेली की कोयता मोडतो, खाडा लागतो, आणि उचल अंगावर राहते. आईचे अज्ञान म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, तो पुष्कळदा मजुरीचा करार असतो.

बाईंनी रागावणे सोडले. वर्षाच्या आत पहिला डोस सुरू करता येतो, पुढले दोन चार-चार आठवड्यांच्या अंतराने देता येतात, हे आईला समजावले. मूल तोलले. मला म्हणाल्या, "एका वजनानं काही कळत नाही. दर महिन्याचे ठिपके जोडले की रेघ बोलते. चढती रेघ आडवी झाली, की मूल बारीक दिसण्याआधीच सावध व्हावं." पण सहा महिने ठिपकेच नसतील, तर रेघ कोठून यावी?

तेव्हापासून त्या कुटुंबाला पहिला प्रश्न विचारू लागल्या: "दसऱ्यानंतर कुठल्या कारखान्यावर जाणार?" उत्तर कार्डावर लिहून देत, म्हणजे तिकडच्या नर्सबाईंना पुढचा डोस कळावा.

डॉक्टरांचे काम त्यांनी केले. उरले ते आपले. संघटना आणि साखर संघ यांच्यात दराचे करार होतात. टनाच्या दरासाठी आपण भांडतो, भांडलेच पाहिजे. पण पुढल्या करारात आणखी एक ओळ मागू या: बाळाच्या लसीच्या दिवशी आईला खाडा नाही. या एका ओळीवर कित्येक कोरी कार्डे भरतील.