ठिपक्यांची किंमत

 

काकांकडे साताऱ्याला स्पॉटी नावाचा डाल्मेशियन आहे. आजी दर रविवारी मटणातली कलेजी त्याच्यासाठी राखून ठेवायची. गेल्या दिवाळीत तो सारखा पाय वर करायचा, पण लघवी थेंब-थेंबच. आम्हाला वाटलं, थंडीने होत असेल. दुसऱ्या दिवशी तो उठेचना. डॉक्टर म्हणाले, "मुतखडा अडकलाय, अजून उशीर केला असता तर गेला असता." ऑपरेशन झालं, वाचला. आजी मात्र रडत होती, "मीच घातलं ना त्याला!"

पण चूक आजीची नव्हती. दोष त्याच्या रक्तातच होता. मांसातल्या प्युरिनपासून शरीरात युरिक ॲसिड तयार होतं. बाकीच्या कुत्र्यांचं यकृत त्याचं ॲलन्टॉइन करतं. ते पाण्यात सहज विरघळतं आणि बाहेर जातं. डाल्मेशियनच्या यकृतातही हे एन्झाइम असतं, पण युरिक ॲसिडला पेशीच्या आत नेणारा 'दरवाजा'च बिघडलेला! कारखाना चालू, गेट बंद. किडनीही ते परत शोषून घेत नाही. म्हणून इतर कुत्रे दिवसाला १० ते ६० मिलिग्रॅम युरिक ॲसिड टाकतात, तर डाल्मेशियन ४०० ते ६००. बॉयलरच्या नळीत क्षार साचावा तसे मग खडे होतात. प्रत्येकाला होतात असं नाही, पण नराचा मूत्रमार्ग अरुंद, त्यामुळे धोका त्यालाच जास्त. साध्या एक्स-रेत हे खडे बहुधा दिसत नाहीत, सोनोग्राफी लागते.

हा दोष एसएलसी२ए९ या जीनमध्ये आहे, हे २००८ साली सापडलं. शुद्ध जातीच्या जवळजवळ प्रत्येक डाल्मेशियनमध्ये त्याच्या दोन्ही प्रती खराब असतात. मग चांगली प्रत आणायची कुठून? अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शाइबल यांनी १९७३ मध्येच एका पॉइंटर कुत्र्याशी संकर केला आणि पुढची प्रत्येक पिढी पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवली. पॉइंटरचा वाटा दर पिढीला निम्मा होतो. गणित करा, दहा पिढ्यांत १/१०२४! पिल्लं दिसायला डाल्मेशियन, पण निवडून ठेवलेला एक चांगला जीन शाबूत. तरी 'शुद्ध रक्ता'च्या हट्टापायी अमेरिकन केनेल क्लबने त्यांना कायमचं दार उघडायला २०११ साल उजाडलं.

घरी डाल्मेशियन असेल तर एवढं करा : भरपूर पाणी द्या, जेवणातही पाणी मिसळा. लघवीला वारंवार बाहेर न्या. कलेजी, गुर्दा, तारली, सुकट बंद. अंडी, पनीर चालतं. ॲलोप्युरिनॉलची गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच, कारण पथ्य न पाळता दिली तर दुसऱ्याच प्रकारचे खडे होतात. आणि लघवी अडली तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

स्पॉटी आता मजेत आहे. आजी रविवारी त्याला उकडलेलं अंडं देते. कलेजीचा वास आला की तो अजूनही स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसतो. आजी म्हणते, "नाही रे राजा, तुझ्यासाठीच नाही."