जुन्या एस्टीमचं स्टिअरिंग

ऑटोक्रॉसमध्ये गाडी फार जोरात पळत नाही. मोकळ्या मैदानावर किंवा डांबरी पट्ट्यावर प्लास्टिकचे कोन मांडतात, एका वेळी एकच गाडी सोडतात, आणि बहुतेक सगळी फेरी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच होते. कोन पाडला की दंडाचे सेकंद वेळेत मिळवले जातात. पण त्या मिनिट-दीड मिनिटात हात जेवढे फिरतात, तेवढे हायवेवर तासाभरातही फिरत नाहीत. म्हणून जुनी गाडी घेऊन उतरणाऱ्याची पहिली कुरकुर सहसा इंजिनाबद्दल नसते, स्टिअरिंगबद्दल असते.

ही कुरकुर तीन प्रकारची. स्टिअरिंग जड आहे, फार फिरवावं लागतं, आणि गाडी ऐकत नाही. पहिल्या दोन दुखण्यांवरचे इलाज एकमेकांच्या उलट आहेत. कमी फिरवावं लागेल असं केलं की ते जड होतं. स्टिअरिंगचा गिअर बदलून हलकं केलं की जास्त फिरवावं लागतं. तिसरं दुखणं बहुतेक वेळा निव्वळ झिजेचं असतं. बाजारात पहिल्या दोहोंवरची औषधं चकचकीत डब्यात मिळतात, म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात. ती तिसऱ्यापासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणाला मारुती एस्टीम घेऊ. १९९४ ते २००७ या काळात विकली गेलेली, १.३ लिटर इंजिनाची, १९९९ नंतर ८५ अश्वशक्ती देणारी, वजनाला साधारण नऊशे किलो. हलकी आणि स्वस्त, म्हणून हौशी चालकांची लाडकी. वरच्या प्रकारांत पॉवर स्टिअरिंग होतं, साध्यात नव्हतं. आपल्याकडे साधीच आहे असं धरू.

स्टिअरिंगचा दांडा खाली येतो, वाटेत एक-दोन युनिव्हर्सल जॉइंट पार करतो आणि त्याच्या टोकाला पिनियन हे छोटं दातेरी चाक असतं. ते रॅकच्या दातांत अडकलेलं असतं. पिनियन फिरलं की रॅक डावीकडे-उजवीकडे सरकते, तिच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड चाकामागच्या नकलला ढकलतात किंवा ओढतात, आणि चाक वळतं. सगळा मामला इतकाच. पण हाताच्या आणि टायरच्या मध्ये किती सांधे आले ते मोजा: युनिव्हर्सल जॉइंट, पिनियन, रॅकच्या आतले बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, आर्मचे बुश, स्ट्रटच्या डोक्यावरचं बेअरिंग. वीस वर्षांत प्रत्येकाने थोडा थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, जमवलेला असतो.

तो शोधायला मशीन लागत नाही, एक मित्र लागतो. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकं सरळ आणि जमिनीवर. मित्राने स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे असं हलवत राहायचं. तुम्ही खाली वाकून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. अलीकडचा भाग हलतोय आणि पलीकडचा थांबलाय असं बोटांना लागलं, की तो सांधा गेला. मग गाडी जॅकवर उचलून घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर सोडून खाली हात घालू नका. चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि खडखडलं तर टाय रॉड किंवा रॅक. वर-खाली धरून हलवल्यावर खडखडलं तर चाकाचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. शेवटी बॉनेट उघडून स्ट्रटच्या डोक्यावर हात ठेवा आणि मित्राला स्टिअरिंग पूर्ण फिरवायला सांगा. स्प्रिंग अडून अडून, टण्ण आवाज करत सुटत असेल तर वरचं बेअरिंग संपलंय. हे बेअरिंग बरेच जण विसरतात आणि जडपणाचा दोष रॅकला देतात.

रॅकची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. रॅकच्या पाठीला एक गुटका असतो, त्यामागे स्प्रिंग आणि स्प्रिंगमागे आवळायचा नट. रॅक पिनियनला चिकटून राहावी म्हणून ही योजना. प्ले आला की गॅरेजवाला ‘रॅक कसून देतो’ म्हणतो, तो हाच नट. दोष असा, की गाडीचं आयुष्य बहुतेक सरळ रस्त्यावर जातं, त्यामुळे रॅकचे मधले दात सर्वांत जास्त झिजतात आणि टोकाचे जवळपास नवे राहतात. मधला प्ले जाईपर्यंत नट आवळला की टोकाला पिनियन जाम होतं. हेअरपिन वळणात पूर्ण लॉक मारलात की स्टिअरिंग तिथेच बसून राहतं, आपणहून परत येत नाही. ऑटोक्रॉसमध्ये हे फार महागात पडतं. रॅक कसल्यावर दोन्ही टोकांपर्यंत हाताने फिरवून पाहावी. कुठे अडली तर नट सैल करावा आणि रॅक बदलायला झाली आहे हे मान्य करावं. सुटे भाग शोधायला पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच, पण स्टिअरिंगचा बॉल जॉइंट जुन्या गाडीतून काढलेला कधीही घेऊ नये. तो नवाच घ्यावा.

आणखी एक जागा म्हणजे रॅक गाडीला जिथे बांधलेली असते तिथले रबर. ते मऊ पडले की स्टिअरिंग फिरवल्यावर चाकाआधी रॅकच आडवी सरकते. कडक पॉलियुरेथेनचे किंवा लेथवर नायलॉनचे बुश करून घेता येतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत हे काम किरकोळ आहे. माझ्या मते जुन्या गाडीवर खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फरक याच बदलाने पडतो. रस्त्याचा थरथराट थोडा हाताशी येतो. स्पर्धेच्या गाडीत तो हवासाच वाटतो.

प्लेमुळे वेळ किती जातो? हिशेब करू. ३८० मिलिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या काठावर २० मिलिमीटर मोकळं फिरत असेल तर तो साधारण ६ अंशांचा प्ले झाला. कोनांच्या रांगेतून नागमोडी जाताना हात यापेक्षा कितीतरी जास्त फिरतात, तेव्हा सहा अंश पार करायला सेकंदाचा अगदी लहानसा अंश पुरतो. म्हणजे नुकसान घड्याळात फारसं दिसत नाही. खरं नुकसान वेगळं आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. कोन १८ मीटरवर असतील तर दर सेकंदाला एकदा दिशा बदलायची. दर बदलाच्या वेळी मधे क्षणभर हाताला काहीच कळत नाही, मग चालक खात्रीसाठी जास्त फिरवतो, मग परत आणतो. कोन पडतात ते या दुरुस्त्यांत.

सांधे घट्ट झाले की अलाइनमेंट. आधी केलीत तर पैसे वाया. रस्त्यासाठी पुढची चाकं जवळपास समांतर ठेवतात. ऑटोक्रॉससाठी ती समोरून किंचित उघडी, म्हणजे एकूण दोन-तीन मिलिमीटर टो-आउट ठेवली की गाडी वळणात पटकन शिरते. हायवेवर तीच गाडी भिरभिरते आणि टायरची आतली कड खाते, तेव्हा रोज वापरायची गाडी असेल तर हा मोह आवरावा. चाक वरून किंचित आत झुकवलं, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर दिला, की वळणात बाहेरचा टायर पूर्ण टेकतो. कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, वाढवला की चाक वळताना बाहेरच्या टायरला तिरपेपणाची मदत मिळते आणि स्टिअरिंग आपणहून सरळ येतं, पण जड होतं. गाडी खाली बसवायची हौस असेल तर एक लक्षात ठेवा. टाय रॉड आणि लोअर आर्म यांचे कोन एकमेकांना जुळलेले असतात. गाडी फार खाली गेली की ती जुळणी बिघडते आणि खड्ड्यात चाक दबलं की ते आपलं आपणच थोडं वळतं. रुंद दिसावं म्हणून लावलेले स्पेसरही असेच. चाक बाहेर गेलं की रस्त्याचा प्रत्येक धक्का स्टिअरिंगला हिसका देतो.

इथपर्यंत आल्यावर गाडी चालवून पाहा. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

तरीही हात कमी फिरावे असं वाटत असेल तर गणित समजून घ्या. रेशो १८ असेल तर स्टिअरिंगची एक पूर्ण फेरी चाकाला २० अंश वळवते. तोच १५ केला तर २४ अंश. पण हाताला लागणारा जोर १८ भागिले १५, म्हणजे २० टक्क्यांनी वाढतो. शिवाय ३८० ऐवजी ३५० मिलिमीटरचं छोटं स्टिअरिंग लावलं तर आणखी साधारण ९ टक्के. दोन्ही मिळून ३० टक्क्यांच्या वर. त्यात चिकट टायर घातलेत आणि पुढे इंजिनाचं ओझं आहेच. डांबरावर तिसऱ्या फेरीला खांदे बोलू लागतात. मातीच्या मैदानावर टायर घसरत असल्याने जोर कमी लागतो, पण लॉक जास्त मारावं लागतं. तिथे कमी रेशो जास्त शोभतो. स्टिअरिंग बदलताना ते दांड्याला जोडणाऱ्या बॉस किटच्या खाचा दांड्यावरच्या दातांत तंतोतंत बसायला हव्यात. एअरबॅग असलेल्या गाडीत या वाटेला जाऊच नये.

काही जण वरच्या प्रकाराची पॉवर रॅक आणतात, पंप न लावता दोन्ही नळ्या एकमेकींना जोडतात आणि तशीच चालवतात. पॉवर रॅकचा रेशो अनेक गाड्यांत कमी असतो, म्हणून ही युक्ती मोहक वाटते. पण आतलं पिस्टनचं सील घासत राहतं, आणि व्हॉल्व्ह उघडावा म्हणून दांड्यात मुद्दाम ठेवलेली पिळणारी बारीक सळी आता नुसताच मऊपणा देते. घाम गाळून घालवलेला प्ले आपणच पुन्हा विकत घेतला असं होतं.

मदत हवीच असेल तर पंपासह संपूर्ण संच बसवावा: पंप, पुली, ब्रॅकेट, नळ्या, टाकी, रॅक, सगळं त्याच गाडीच्या वरच्या प्रकारातलं. पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे आरपीएम पडलेला असताना झटक्यात स्टिअरिंग फिरवलं तर तेल पुरत नाही आणि स्टिअरिंग क्षणभर दगडासारखं होतं. वळणात इंजिन थोडं चढं ठेवलं की हे टळतं. नव्या छोट्या गाड्यांमधलं, दांड्यावर मोटर असलेलं इलेक्ट्रिक स्टिअरिंग बसवणारेही आहेत. त्याला गाडीचा वेग आणि इंजिन चालू असल्याचा संकेत हवा असतो, आणि जोर लावताना ते भरपूर करंट ओढतं. जुना अल्टरनेटर आणि जुनी वायरिंग आधी तपासावी. मुख्य अडचण दांडा जोडण्याची. दोन दांडे कापून वेल्डिंग मारून देणारा कारागीर कितीही हुशार असला तरी त्याला नमस्कार करून निघावं. हा जोड खाचा-दातांचा, बोल्टने आवळलेला असावा, कारण इथे तुटलं तर ब्रेक मारण्यापलीकडे चालकाच्या हातात काही उरत नाही.

कागदाची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई करतं. झिजलेले भाग बदलणं, बुश, अलाइनमेंट यात अडचण नाही. दांडा, मोटर, रेशो बदललेली गाडी मात्र मैदानापर्यंत ट्रेलरवर नेणंच शहाणपणाचं. स्पर्धेच्या गटाचे नियमही आधी वाचा. साध्या गटात वेगळ्या प्रकारची रॅक लावली तर तुम्ही थेट पूर्ण बदललेल्या गाड्यांच्या गटात जाऊन पडता, आणि तिथे ८५ अश्वशक्तीची डाळ शिजत नाही.

काम झाल्यावर प्रत्येक नट-बोल्टवर रंगाची एक रेघ मारा, अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या धातूवर. टाय रॉड एंडच्या कॉटर पिन नव्या घाला, जुन्या सरळ करून वापरू नका. मग रिकाम्या जागेवर चार-पाच कोन मांडून आधी सावकाश, मग वेगाने फिरा, दोन्ही बाजूंना पूर्ण लॉक मारून टायर किंवा नळी कुठे घासत नाही ना ते बघा. पहिल्या स्पर्धेच्या दिवशी दर दोन फेऱ्यांनी खाली वाकून रेघा पाहा. एखादी तुटलेली दिसली तर ती फेरी सोडून द्या, आणि घरी आल्यावर टो पुन्हा मोजा. नवे बुश बसताना थोडे हलतात.