जुन्या संगणकाचे काय करायचे?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या शाळेच्या संगणक कक्षात नवे संगणक आले. जुने अकरा संगणक कोपऱ्यात धूळ खात पडले. एके दिवशी भंगारवाला आला. त्याने वजन केले, पैसे मोजले आणि सहा संगणक हातगाडीवर घालून नेले. उरलेले पाच तो नंतर नेणार होता. पावतीवर माझी सही होती. भाव चांगला मिळाला म्हणून मी खूशही होतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला. तो म्हणाला, "सर, आपला चार नंबरचा संगणक काल आमच्या गल्लीत आला. तुमच्या अक्षरातली चिठ्ठी अजून त्यावर चिकटलेली आहे. भाईजान तो फोडत होते."

शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर गेलो. पत्र्याच्या एका खोलीत त्याचा मोठा भाऊ शेगडीसमोर बसला होता. शेगडीवर लोखंडी तवा होता आणि तव्यावर संगणकाच्या आतली हिरवी पाटी. पाटी तापली की जोडांमधले कथील आणि शिसे वितळते, मग एकेक भाग सुटून येतो. तो चिमट्याने भाग उचलून डब्यांत टाकत होता. तोंडावर साधा रुमालही नव्हता. बाहेर कोणीतरी तांब्यासाठी वायरी जाळत होते. दारात त्या मुलाची लहान बहीण खेळत होती.

निकामी झालेले संगणक, मोबाइल फोन, टीव्ही, छपाईयंत्रे, चार्जर, वायरी या सर्वांना मिळून ई-कचरा म्हणतात. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. बाकीचा कोठे गेला? काही घरातल्या कपाटात राहिला, काही कचऱ्याच्या ढिगात गेला आणि पुष्कळसा अशा पत्र्याच्या खोल्यांत पोहोचला. दिल्लीचे सीलमपूर या कामासाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत कुर्ला आणि साकीनाका भागांत हे काम चालते.

हे काम करणारे लोक आळशी नाहीत आणि अडाणीही नाहीत. कोणत्या भागात तांबे आहे, कोणता भाग पुन्हा विकता येईल, हे त्यांना नजरेने कळते. दोष कामाच्या पद्धतीत आहे. शिशाचा धूर आणि धूळ श्वासातून व हातांतून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा वाईट परिणाम होतो. जुन्या सपाट पडद्यांच्या मागच्या बारीक दिव्यांत पारा असतो. वायरीचे प्लॅस्टिक जळले की विषारी वायू निघतात. सोने काढण्यासाठी पाट्या आम्लात बुडवतात. आम्ल म्हणजे आपण घरी ज्याला तेजाब म्हणतो ते. वापरलेले आम्ल शेवटी गटारात ओततात. इतके करूनही बरेचसे सोने वायाच जाते!

हाच संगणक चांगल्या कारखान्यात गेला असता तर? तेथेही सुरुवात माणसाच्या हातांनीच होते. पण हातमोजे, मुखपट्टी आणि धूर ओढून घेणारी यंत्रे असतात. प्रथम बॅटऱ्या व पाऱ्याचे दिवे वेगळे काढतात. उरलेल्या सांगाड्याचे यंत्रात तुकडे करतात. मोठे चुंबक लोखंड ओढून घेते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून त्यासाठी वेगळी युक्ती असते. वेगाने फिरणाऱ्या चुंबकांमुळे त्याच्या तुकड्यांत वीज निर्माण होते आणि ते उडी मारल्यासारखे बाजूला पडतात. हिरव्या पाट्या मोठ्या भट्टीत वितळवून तांबे, चांदी आणि सोने मिळवतात.

सोने म्हटले की काहींना ही थट्टा वाटते. टोकियोच्या ऑलिंपिक स्पर्धांचे उदाहरण पाहा. या स्पर्धा २०२१ मध्ये झाल्या. त्यांची सुमारे पाच हजार पदके जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंपासून बनवली. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत सुमारे ७९ हजार टन वस्तू जमल्या. त्यांत ६२ लाखांच्या आसपास मोबाइल फोन होते. त्यांतून ३२ किलो सोने निघाले. नगरपालिकांबरोबर एका मोठ्या टेलिफोन कंपनीनेही आपल्या दुकानांत जुने फोन घेतले. लोकांना नवा फोन घ्यायला त्याच दुकानात जायचे असते, त्यामुळे जुना फोन देण्यासाठी वेगळी खेप पडली नाही.

आपल्या देशातही कायदा आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०१२ पासून लागू झाले आणि सुधारलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून. जी कंपनी वस्तू बनवते किंवा बाहेरून आणते, तिने आपल्या जुन्या मालाच्या ठरावीक हिश्श्याचा पुनर्वापर नोंदणीकृत कारखान्यांमार्फत घडवून आणायचा असतो. हा हिस्सा सुरुवातीला ६० टक्के होता. तो ८० टक्क्यांपर्यंत वाढत जाणार आहे. ज्या कचेऱ्या वर्षात अशा एक हजार किंवा त्याहून अधिक वस्तू वापरतात, त्यांनीही आपला ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यायचा असतो.

तरीही मला वाटते की कारखाना ही नंतरची पायरी आहे. पहिली पायरी दुरुस्तीची, म्हणजे मरम्मतीची. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांत सगळे संगणक बदलतात. त्यांतले पुष्कळसे चांगले चालू असतात. मेमरी वाढवली, नवी डिस्क बसवली, तर ते एखाद्या शाळेत किंवा दुकानात आणखी काही वर्षे सहज काम देतील. कंपन्यांना भीती असते ती आतील माहितीची. म्हणून काही जण डिस्कवर हातोडा मारतात. खरे तर माहिती कायमची पुसून टाकणारे प्रोग्रॅम मिळतात. ते नीट चालवले तर हातोड्याची गरज उरत नाही. नव्या नियमांतही दुरुस्ती करणाऱ्यांची नोंदणी आहे. वस्तू दुरुस्त होऊन पुन्हा वापरात गेली, तर कंपनीची त्या वस्तूपुरती जबाबदारी तितकी वर्षे पुढे जाते. यात कंपनीचाही फायदा आहे.

छोट्या दुकानदाराला हजार वस्तूंचा नियम लागू नाही. पण त्याचे काम सोपे आहे. नवा फोन विकताना जुना फोन ठेवून घ्यायचा, चार्जर जुनाच चालत असेल तर तसे सांगायचे, आणि जमलेला माल जास्त भाव देणाऱ्याऐवजी नोंदणीकृत केंद्राला द्यायचा. भाव कमी मिळतो, हे खरे आहे. धूर थांबवण्याचा खर्च त्या भावातून वजा झालेला असतो. मला मिळालेल्या चांगल्या भावात तो खर्च धरलाच नव्हता. तो त्या खोलीत भरला जात होता.

शाळेत परत आल्यावर मी उरलेल्या पाच संगणकांची विक्री थांबवली. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्या मुलाच्या भावालाच शाळेत बोलावले. दोन दिवस तो खिडकीजवळच्या टेबलावर काम करत होता. पाचांपैकी तीन संगणक त्याने चालू केले. एकाला तर त्याने दुसऱ्याची मेमरी काढून बसवली. मजुरी देताना मी विचारले, "हे काम रोज मिळाले तर कराल का?"

"सर, काम मिळाले तर तवा कोण पेटवेल?" तो म्हणाला.

ते तीन संगणक आता ग्रंथालयात आहेत. उरलेले दोन नोंदणीकृत केंद्राची गाडी घेऊन गेली. त्यांची पावती फाइलमध्ये लावली आहे. रक्कम पहिल्या पावतीच्या मानाने बरीच कमी आहे.