पडदा गेला म्हणून यंत्र भंगारात काढू नका

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटले की मोठ्या वाहन कारखान्यांची नावे डोळ्यांपुढे येतात. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आली. परंतु या कारखान्यांना लागणारे कितीतरी सुटे भाग भोसरीच्या जे, एस आणि टी ब्लॉकमधील छोट्या वर्कशॉपमध्ये तयार होतात. अनेक वर्कशॉपमालकांनी नवे सीएनसी यंत्र परवडत नाही म्हणून १९८० किंवा १९९० च्या दशकातील जुने यंत्र घेऊन धंदा उभा केला. अशा यंत्राचे लोखंड अजून भक्कम असते, मोटारी चालतात, माप बरोबर येते. दगा देतो तो पडदा.

या यंत्रांवर जुन्या टीव्हीसारखी पिक्चर ट्यूब असते. वर्षानुवर्षे रोज पेटून ती मंद होते, अक्षरे पुसट दिसतात आणि एके दिवशी पडदा काळा पडतो. पडद्यावर काही दिसत नाही म्हणजे प्रोग्राम दिसत नाही, टूलचे माप घालता येत नाही, अलार्म कळत नाही. समजा यंत्राचा दर तासाला ४०० रुपये आहे आणि काम दोन पाळ्यांत १६ तास चालते. मग रोजचे ६,४०० रुपये आणि पाच दिवसांचे ३२,००० रुपये बुडाले. वेळेवर माल गेला नाही तर पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते, तो तोटा वेगळाच. अशा वेळी घाबरून यंत्र भंगाराच्या भावाने विकणे शहाणपणाचे नाही. ट्यूबच्या जागी सपाट एलसीडी पडदा बसवता येतो.

आधी दोष ओळखा

पडदा काळा असतानाही बटणे दाबल्यावर यंत्र हालचाल करत असेल, तर कंट्रोल शाबूत आहे असे समजावे. मग पडद्याला मिळणारा वीजपुरवठा मोजावा. काही पडदे २४ व्होल्ट डीसीवर चालतात, काही एसीवर. केबल, सुटलेला डाग आणि सुकलेले कपॅसिटर तपासावेत. अनेकदा थोडक्या खर्चात जुनाच पडदा पुन्हा चालू होतो. ट्यूबच थकली असेल तरच पुढचा विचार करावा.

काम सुरू करण्यापूर्वी यंत्राचे पॅरामीटर आणि प्रोग्राम यांची प्रत काढून ठेवावी. मेमरीची बॅटरी जुनी असेल तर ती आधी बदलावी. बहुतेक कंट्रोलमध्ये ही बॅटरी यंत्र चालू ठेवूनच बदलायची असते. वीज बंद आणि बॅटरी मेलेली, असा योग आला तर पडद्याच्या दुरुस्तीत यंत्राची सगळी स्मृतीच जाईल.

आकाराआधी सिग्नल पाहा

बाजारातून संगणकाचा मॉनिटर आणून जोडला की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. जोडल्यावर मात्र पडद्यावर ‘आऊट ऑफ रेंज’ येते. कारण सोपे आहे. आपल्या जुन्या टीव्हीत ६२५ रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा काढले जाई, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. जुन्या कंट्रोलपैकी बरेचसे याच चालीचे आहेत, काही २४ हजारांच्या आसपासचे. संगणकाच्या मॉनिटरला निदान ३१,५०० च्या आसपास रेषा लागतात. हा फरक भरून काढण्यासाठी मध्ये एक कन्व्हर्टर कार्ड बसवतात. ते हळू चालीचे चित्र मेमरीत घेते आणि जलद चालीने बाहेर देते.

कार्ड घेण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री करावी: रेषांची चाल किती, सिंक वेगळ्या तारांवर आहे की एकत्र, आणि सिग्नल ॲनालॉग आहे की ५ व्होल्टचा टीटीएल. यंत्राचे पुस्तक किंवा ऑसिलोस्कोप याचे उत्तर देईल. पडदा शक्यतो ४:३ मापाचाच घ्यावा. रुंद पडद्यावर अक्षरे ताणली जातात आणि खालच्या बटणांशी ओळी जुळत नाहीत. केबल शील्डची असावी, अर्थिंग पक्के असावे आणि ती मोटारीच्या केबलपासून दूर न्यावी. कूलंटचे तुषार आत जाऊ नयेत म्हणून पुढे काच आणि रबर गॅस्केट लावावे.

ट्यूब काढताना हयगय नको. तिच्यावर वीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो आणि बंद केल्यावरही तो शिल्लक राहतो. यंत्राचा मुख्य स्विच बंद करून, ट्यूब रीतसर डिस्चार्ज करूनच हात लावावा. मान तुटली तर ट्यूब फुटून काचा उडू शकतात.

गेम पार्लरवाल्यांसाठी

व्हिडिओ गेमच्या जुन्या यंत्रांनाही हेच गणित लागू पडते. मोठ्या प्रोजेक्शन कॅबिनेटमध्ये लाल, हिरवी व निळी अशा तीन ट्यूब, भिंगे आणि आरसा असतो. तीन रंग एकमेकांवर जुळवणे हे तिथले कायमचे दुखणे. सपाट पडदा बसवला की ते संपते आणि वजनही घटते. मात्र बंदुकीच्या खेळात सावध राहावे. काही बंदुका ट्यूबवर धावणारा प्रकाशकिरण पाहून नेम ओळखतात. सपाट पडद्यावर त्या आंधळ्या होतात. शिवाय कार्डामुळे चित्र किंचित उशिरा येते. लेथवर त्याने काही बिघडत नाही, पण जलद खेळात गिऱ्हाईक लगेच तक्रार करते.

कारागिरांसाठी संधी

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आपल्या कितीतरी उस्तादांचे काम ट्यूबचे टीव्ही गेल्यापासून आटले. १५,६२५ हा आकडा, सिंक, डिस्चार्ज हे सारे त्यांच्या हातातले हुन्नर आहे. सीएनसीवाल्या एखाद्या जाणकाराबरोबर त्यांनी भागीदारी केली तर त्याच हुन्नराला औद्योगिक पट्ट्यात नवे मोल येईल. कार्ड व सुटे सामान पुण्यातील तपकीर गल्लीत शोधावे. गिऱ्हाइकाला काम लेखी सांगावे: कोणता पडदा, कोणते कार्ड, किती महिन्यांची हमी.

भंगाराच्या व्यापाऱ्यांनी चालू ट्यूब फोडू नये; ज्याला सपाट पडदा नको त्याला ती सुटा भाग म्हणून उपयोगी पडते. मेलेली ट्यूबही आवारात फोडू नये. तिच्या मागच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, म्हणून ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावी आणि पावती जपून ठेवावी.