कुंभारणीचे बिऱ्हाड

दिवाळीची झाडलोट निघाली, की आमच्या वसईच्या घरात एक भांडण ठरलेले. खिडकीच्या चौकटीवरचे मातीचे इवले मडके खरवडायचे की ठेवायचे? "घर आपले की तिचे?" हा सौ.चा सवाल.

ती म्हणजे कुंभारीण माशी. जबड्यात चिखलाची गोळी धरून आणते, काठ काढलेला गडू घडवते, आत एकच अंडे बारीक धाग्याने टांगते. मग डंखाने लुळ्या केलेल्या अळ्या भरून तोंड लिंपते. अळ्या मेलेल्या नसतात, म्हणून नासत नाहीत. लेकरासाठी एवढी बेगमी करायची, आणि त्याचे तोंड पाहायलाही थांबायचे नाही!

पूर्वी तिला वाडीत बावखलाकाठी हवी तेवढी ओली माती मिळे. पुष्कळ बावखले बुजली, वर इमारती उठल्या.

यंदा मी तोड काढली. बांबूच्या वीतभर नळ्या एका टोकाचे पेर राखून कापल्या, मोळी वळचणीखाली टांगली, जवळ बशीत चिखल ठेवला. दोन नळ्या भरल्या, पण तिच्या चुलतबहिणींनी! मडकेवाली पुन्हा चौकटीवरच.

काल सौ.नी चौकट पुसली. मडक्याभोवती बोटभर धूळ तशीच आहे.